रुमालाखालचे हात

आमच्या जळगावात माणूस जिंकत असतो तोवर त्याला खांद्यावर घेऊन नाचायला सगळे पुढे असतात. खाली उतरवायची वेळ आली की कुठे उतरवायचं, याचा विचार कोणी केलेला नसतो. सरळ सोडून देतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आज म्हातारपणीसुद्धा आठवलं की डोकं तापतं. बायको म्हणते, झालं, यांची कुस्ती पुन्हा सुरू.

मी स्वतः बेताचाच पैलवान होतो. माझं नाव कधी कोणी ओरडलं नाही, त्यामुळे ते विसरायचाही प्रश्न आला नाही. खांद्याचं हाड मोडलं, नीट बसलं नाही, आणि वस्तादांनी एका सकाळी सांगितलं की आता फक्त व्यायामापुरता ये. मामा कापसाच्या बाजारात होते. त्यांनी मला काट्यावर लावून दिलं. शेतकऱ्याचा कापूस मोठ्या तराजूत तोलायचा आणि वजन मोठ्याने पुकारायचं, हे माझं काम. सुटलो. पण ज्याला मामा नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

म्हणून मीच तालमीतल्या मोडक्या पैलवानांचा मामा झालो. काट्यावर बसलं की अर्ध्या खानदेशातली माणसं ओळखीची होतात. भडगावचा गाडीवाला, फैजपूरचा केळीवाला, असोद्याचे पाटील, धुळ्याच्या जिनिंगचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, मुकादम, सगळे माझ्यासमोरून जायचे. मी कोणालाही ‘तुमच्याकडे जागा आहे का’ असं विचारत नसे. जागा कधीच नसते. मी विचारायचो, ‘तुमच्याकडे कोणतं काम रोज खोळंबतं?’ मग माणूस तक्रार करायला लागतो, आणि त्या तक्रारीत एका पैलवानाची भाकरी दडलेली असते. एकाला असं दवाखान्यात लावला. डॉक्टर हाड बसवताना रोग्याला धरून ठेवायला कोणी नव्हतं. एकाला बैल शिकवायला ठेवला. एक मात्र सावकाराच्या वसुलीला गेला आणि लोकांच्या दारात जाऊन दम देऊ लागला. त्याला मी भर रस्त्यात शिव्या घातल्या. आजही भेटला तर घालीन.

कामाला लावण्याआधी मी त्यांना घरी बोलवायचो आणि थोडं शिकवायचो. शेठसमोर मांडी ठोकू नये, कोणी ‘या’ म्हटलं की छाती पुढे काढून जाऊ नये, मुकादम चिडला तर त्याला उचलू नये. हसण्यासारखं वाटेल, पण ज्याने लहानपणापासून मातीच ओळखली त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं. बायको या शिकवणीला माझी शाळा म्हणायची. शाळेतल्या मुलांना तिच्या भाकऱ्या पुरत नसत.

मला सांगायचं आहे ते या सगळ्यांतल्या सर्वांत मोठ्या पैलवानाबद्दल. गिरणेकाठचा, भडगावकडचा गडी. बोलणं पक्कं खानदेशी, चेहरा लेकरासारखा. त्याच्यासारखा ढाकेचा डाव मारणारा मी पाहिला नाही. त्याने कधी आधीच निकाल ठरवून लावलेली कुस्ती घेतली नाही, हे जत्रेला जाणारं पोरसोरसुद्धा सांगायचं. आमच्या बाजारातल्या एका बड्या अडत्याने त्याला पदरी घेतलं होतं. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा मधला माणूस. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणतो. दूध, बदाम, तूप, सगळा खुराक शेठच्या घरून. पैलवान जिंकला की शेठ आखाड्यात उतरून त्याला फेटा बांधायचे, आणि लोक ओरडायचे ते पैलवानाच्या नावाने की शेठच्या, हे कळायचं नाही.

मग एका जत्रेत शेठनेच हौसेने एक भारी जोड लावून दिली आणि पैलवानाचा गुडघा गेला. शेठने त्याला चारचौघांसमोर स्वतःच्या टांग्यात घालून आणलं. गावाने शेठची वाहवा केली. त्यानंतर शेठ एकदाही त्याच्याकडे फिरकले नाहीत. खुराक आधी निम्मा झाला, मग बंद. शरीर मात्र तेवढंच राहिलं, आणि भूकही. त्याची बायको लोकांच्या कपाशी वेचायला जाऊ लागली. तो तालमीच्या ओट्यावर बसून राहायचा. आमच्यात एक गोष्ट बाळकडूसारखी पाजलेली असते, की पैलवान मागत नाही, मिळालं तर घेतो. त्या एका शिकवणीने किती घरं उपाशी ठेवली असतील देव जाणे. मला त्या शिकवणीचा रागच आहे.

मी शेठकडे गेलो. ते तक्क्याला टेकून बसले होते.

‘अरे, त्याला माझ्या पेढीच्या दारात उभा करतो की,’ ते म्हणाले. ‘मोठा पटका बांधू, हातात काठी देऊ. शोभा येईल.’

‘शेठ, तो माणूस आहे, गणपतीपुढची आरास नाही,’ मी म्हणालो. ‘त्याला काम शिकू द्या.’

‘त्याला काय येणार? अक्कल गुडघ्यात होती, तो गुडघाही गेला.’

बसलेले सगळे हसले. या लोकांनी त्याच्या प्रत्येक कुस्तीला फेटे उडवलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मला एकेकाचा कान धरावासा वाटला. पण काम काढायचं होतं, म्हणून गिळलं आणि म्हणालो, ‘शेतकरी तुमच्याकडे माल घालताना तोंडाकडे बघतात. या पैलवानाचं तोंड सगळ्या खानदेशाला माहीत आहे. तो तुमच्याकडून रुमालाखाली हात घालू लागला, तर शेजारच्या अडतीच्या गाड्या तुमच्या दारात येतील.’

ही गोष्ट शेठच्या डोक्यात लगेच शिरली. त्यांनी होकार दिला.

रुमालाखाली हात म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागेल. त्या काळी कापसाचा भाव कोणी तोंडाने बोलत नसे. खरेदीदार आणि अडत्याचा माणूस समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकत, आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. त्या दिवसाच्या बाजारभावावर जितके रुपये चढ द्यायचा तितकी बोटं समोरच्याच्या मुठीत द्यायची. वर सगळे चेहरे कसे दगडासारखे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उकिडवा बसून त्या रुमालाकडे बघत राहायचा. आत काय झालं ते त्याला नंतर सांगायचे, आणि जे सांगायचे तेच आत झालं असेल अशी खात्री देवालाही नव्हती. काटा माझ्या हातात होता. वजन मी इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. पण भाव त्या फडक्याखाली होता, आणि रोज ते बघून माझा जीव जळायचा.

पैलवान घरी शिकायला आला. मी बायकोची घोंगडी आमच्या हातांवर टाकली आणि बोटं शिकवायला लागलो. पहिल्याच वेळी त्याने माझं बोट असं धरलं की मी ओरडलो.

‘नाना, जोरमा व्हयनं का?’ त्याने विचारलं.

‘अरे, भाव विचारायचा आहे. हात तोडायचा नाही.’

‘माले वाटनं तुम्ही पकड करी राहिनात.’

बायको चुलीपाशी बसून पदर तोंडात धरून हसत होती. पण गडी मनापासून शिकला. काही दिवसांत त्याचं बोट इतकं हलकं झालं की मला दाबल्याचं कळायचंही नाही. चेहरा कोरा ठेवणं तेवढं त्याला जमत नव्हतं. भाव चांगला आला की तो आनंदायचा. मी म्हणायचो, मनातल्या मनात आनंदत जा. तो म्हणायचा, मनमाच शे नाना, पण बाहेर येस.

त्याचा पहिला दिवस उजाडला. त्याच्या बायकोने त्याचं धोतर धुऊन कडक वाळवून दिलं होतं. ती त्या दिवशी वेचणीला न जाता बाजाराच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हे काम टिकलं तर तिला लोकांच्या रानात जायचं नव्हतं. तिने मला तसं सांगितलं नाही, पण ती ज्या नजरेने बघत होती त्यातून मला ते कळत होतं.

असोद्याच्या एका शेतकऱ्याची गाडी आली. माल पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. शेठ त्याला आपुलकीने बाजूला घेऊन म्हणाले, ‘भाऊ, आज बाजार मंदा आहे. तीनच्या वर कोणी जात नाही. तीन मिळाले तर सोडून देऊ.’ शेतकऱ्याने मान हलवली. मी काट्यापाशी उभा होतो, सगळं ऐकलं. खरेदीदाराकडून जास्त घ्यायचा, शेतकऱ्याला कमी सांगायचा आणि मधला फरक शेठने ठेवायचा, असं त्यांचं आधीच ठरलेलं असतं, हेही मला ठाऊक होतं. पैलवानाला मात्र शेठने फक्त एवढंच सांगितलं होतं, की समोरचा बोटं देईल, तू धरून घे आणि उठ. चार दिली काय, तीन दिली काय, पुढचं आम्ही बघू.

रुमाल पडला. पैलवान ताठ बसला होता. खरेदीदाराने आत बोटं दिली.

इथे आखाड्याची रीत सांगितली पाहिजे. जत्रेत दोन पैलवानांची जोड ठरली, की दोघांचे हात एकमेकांत देतात आणि ते धरलेले हात उंच करून आखाड्याभोवती फिरवतात. जोड कोणाची, ती बरोबरीची आहे का, हे चारी बाजूंच्या लोकांनी पाहायचं असतं. हात वर गेल्याशिवाय जोड लागली असं कोणी मानत नाही. आमच्या पैलवानाचं सगळं तारुण्य असे हात वर करण्यात गेलं होतं. सौदा ठरला की हात वर, हेच त्याच्या अंगात भिनलं होतं.

खरेदीदाराची बोटं त्याने पक्की धरली, उठला, आणि हात सरळ आकाशाकडे नेला. खरेदीदार त्याच्याबरोबर अर्धा उचलला गेला. रुमाल खाली पडला. पैलवान लंगडत एक पाऊल फिरलासुद्धा, चारी बाजूंना दाखवायला. भर बाजाराने पाहिलं, त्याच्या मुठीत चार बोटं होती.

असोद्याचा शेतकरी उठून उभा राहिला.

‘हे त चार हायेत,’ तो शेठला म्हणाला. ‘मले त तुम्ही तीन सांगतले.’

शेठचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला. पण ते शेठ होते. ते लगेच हसले आणि म्हणाले, ‘बघा, आमच्या पैलवानाने तुम्हाला एक जास्तीचा मिळवून दिला.’ शेतकऱ्याला चारचा भाव द्यावाच लागला. गाडी रिकामी होईपर्यंत शेठ हसत राहिले. मग पैलवानाला पेढीत बोलावून दार लावलं. बाहेर आला तेव्हा त्याला पुढे काम नव्हतं.

‘नाना, मी काय कयं?’ तो मला विचारत होता. ‘सौदा व्हयना, हात वर गया. मनी सवय शे ती.’

तो खरंच विचारत होता. त्याला कळलंच नव्हतं. त्याने कोणाचं पितळ उघडं पाडायचं ठरवलं नव्हतं. त्याने चूक केली होती, आणि त्या चुकीने एका शेतकऱ्याला त्याचा हक्काचा भाव मिळाला होता. ज्या बाजारात सरळ वागण्यासाठी चूकच करावी लागते, त्या बाजाराला काय म्हणायचं? फाटकाशी त्याची बायको उभी होती. तोच गेला आणि तिच्याशी बोलला. दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेली.

मी शेजारच्या अडतीत गेलो, त्याच्या पलीकडच्या अडतीत गेलो, सगळ्या बाजारात फिरलो. माणूस हसून चहा द्यायचा, पैलवानाच्या जुन्या कुस्त्या आठवायचा, ती ढाक कशी मारली हे हात करून दाखवायचा, आणि शेवटी म्हणायचा, ‘पण नाना, रुमालाखालच्या कामाचा तो नाही हो.’ जणू रुमालाखालचं काम म्हणजे मोठी विद्या. मला त्या चहाचा वीट आला. पुढे पुढे मी कप खाली ठेवून उठायचो.

शेतकऱ्याचा तर मला शेठहून जास्त राग आला. पुढच्या हंगामात तो पुन्हा त्याच पेढीच्या दारात गाडी लावताना दिसला. मी विचारलं, ज्याने तुला चार मिळवून दिले त्याच्यासाठी दोन शब्द तरी बोललास का? तो जुवावर हात ठेवून म्हणाला, ‘नाना, मले त अठीच माल घालना हाये. मी बोललो त उद्या माहा माल कोन घेईन?’ खरं होतं ते. म्हणूनच राग आला; खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

शेवटी धुळ्याला एका जिनिंगच्या मुकादमाशी बोलून पैलवानाला तिथे लावला. कापसाच्या बांधलेल्या गठाणींवर खुणा करायच्या, गाड्या सोडायच्या. काम त्याला आवडलं. पण जिनिंग हंगामी; कापूस संपला की माणसंही संपतात. उन्हाळा लागला की तो परत यायचा, ओट्यावर बसायचा, आणि मी पुन्हा माझी ओळख घेऊन दारोदार फिरायचो. फैजपूरला केळीच्या बागेची राखण मिळाली, तीही टिकली नाही. गुडघ्याने बांधावरून चालवेना. अशी काही वर्षं गेली. त्याने एकदाही ‘नाना, काही बघा’ असं म्हटलं नाही. मी बघायचो, आणि तो मिळालं तर जायचा.

मग सरकारने कायदा आणला, बाजाराची कमिटी झाली, आणि रुमाल गेला. भाव आता मोठ्याने पुकारायचा, उघड्या लिलावात, शेतकऱ्याच्या समोर. मला वाटलं, आता आपली वेळ आली. लिलाव पुकारायला माणूस लागणार होता, आणि पैलवानाचा आवाज आखाड्याच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा. त्याच्या तोंडून निघालेल्या भावावर कोणी शंका घेतली नसती. मी कमिटीकडे गेलो. कमिटीत शेठ होतेच. या गावात जिथे खुर्ची तिथे शेठ. त्यांनी ऐकून घेतलं, छान छान म्हणाले, आणि ती जागा त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाला दिली. तो पुकारायला लागला की पहिल्या गाडीवाल्यालाही ऐकू येत नसे.

इतक्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण नव्या बाजाराचा समारंभ झाला, आणि त्यात कमिटीने पैलवानाचा सत्कार ठेवला. सत्कार शेठच्याच हस्ते. मांडव घातला, मोठे लोक बोलावले. शेठ उठून म्हणाले, ‘आज हा बाजार उघडा झाला. पण या बाजारात पहिला हात वर केला तो आमच्या या पैलवानाने. अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला हा जळगावचा वाघ आहे.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे बसलो होतो. ज्या हाताने त्याची भाकरी काढून घेतली, त्याच हाताने त्याला वाघ करत होते. आणि तो कोणाविरुद्ध उभाही राहिला नव्हता. त्या दिवशी तो फक्त कामाला आला होता.

पैलवानाला दोन शब्द बोलायला सांगितले. तो लंगडत पुढे आला. केस पांढरे झाले होते. त्याने चारी बाजूंना नीट पाहिलं. मला वाटलं, आता नमस्कार करून खाली बसेल.

‘तुम्ही बठ्ठा मोठा लोक आठे शेतस,’ तो म्हणाला. आवाज मांडवाच्या शेवटापर्यंत गेला. ‘माले काही काम भेटी का?’

मग पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं, आणि सगळा मांडव हसायला लागला. पैलवानाने काय झकास चिमटा काढला, असं एकजण शेजाऱ्याला म्हणाला. ज्याने आयुष्यात कधी काही मागितलं नाही तो आज मागत होता, आणि त्यांना गंमत वाटत होती.

मी उठलो. ‘तो गंमत करत नाही,’ मी ओरडून सांगितलं. ‘त्याने विचारलं आहे. त्याला उत्तर द्या.’

पुढच्या लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर पाहिलं. शेठ शाल घेऊन उठले. पैलवान उंच, शेठ बुटके. खांद्यावर शाल टाकायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. त्यांचं तोंड अगदी जवळ आलं, तेव्हा पैलवानाने हळू आवाजात पुन्हा विचारलं. पुढच्या रांगेला ऐकू आलं, मला त्याच्या ओठांवरून कळलं.

‘शेठ, काम?’

शेठने शाल नीट बसवली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पानसुपारी वाटायला सांगितली.